स्क्रीनिंगचा स्वॅब: कुणाचा, कुठून, कसा आणि रिपोर्ट आल्यावर काय

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पेशंट दाखल होतो. ताप नाही, जखम नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक. तरीही त्याच्या आतड्यात कार्बापेनेम गटाच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा क्लेबसिएला नावाचा जंतू मुक्काम ठोकून असू शकतो. त्याला स्वतःला त्याचा काडीचाही त्रास नसतो. त्रास होतो तो शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला, ज्याला कॅथेटर लावलेला आहे किंवा ज्याची केमोथेरपी चालू आहे, आणि ज्याच्यापर्यंत तोच जंतू कुणाच्या तरी हातावरून पोचतो. असे मूक वाहक वेळेत ओळखणं हे स्क्रीनिंगचं काम.

हा लेख इन्फेक्शन कंट्रोलच्या कामात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदर, रेसिडेंट डॉक्टर आणि लॅब टेक्निशियन यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. स्वॅब स्वतः कुठलंच इन्फेक्शन रोखत नाही. रोखतं ते रिपोर्टनंतर, आणि पुष्कळदा रिपोर्टच्या आधीच, उचललेलं पाऊल. म्हणून पहिला स्वॅब घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा: रिपोर्ट कोण वाचणार, किती तासांत वाचणार, आणि वाचून काय करणार. रात्री दोन वाजता पॉझिटिव्ह रिपोर्ट आला तर वॉर्डला फोन कोण करणार, हे ठरलं नसेल तर स्क्रीनिंग अजून सुरू करू नका.

वाहक म्हणजे आजारी नव्हे

जंतू त्वचेवर, नाकात किंवा आतड्यात नुसता राहत असेल तर तो पेशंट वाहक. तोच जंतू रक्तात, फुप्फुसात, जखमेत घुसून नुकसान करू लागला की इन्फेक्शन. वाहकाला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. ही गोष्ट ऐकायला साधी वाटते, पण रोजच्या कामात सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

तापासाठी, जखमेसाठी पाठवलेल्या नेहमीच्या कल्चरमधून (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या चाचणीतून) फक्त इन्फेक्शन झालेले पेशंट दिसतात. वाहकांची संख्या त्याहून बरीच मोठी असते आणि ती स्क्रीनिंगशिवाय दिसतच नाही. 2011 साली अमेरिकेत बेथेस्डा इथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या क्लिनिकल सेंटरमध्ये केपीसी प्रकारचा (म्हणजे केपीसी हे औषध तोडणारं एन्झाइम असलेला) क्लेबसिएला अंगात असलेला एक पेशंट आला. तो घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसऱ्या पेशंटमध्ये तोच जंतू उघड झाला. शेवटी आकडा 18 वर गेला, त्यातले 11 जण दगावले. मधल्या तीन आठवड्यांत जंतू कुठेतरी गुपचूप राहत होता आणि नेहमीच्या कल्चरमध्ये दिसत नव्हता. ही मधली रिकामी जागा भरून काढायची, म्हणून बिनतापाच्या पेशंटचा स्वॅब.

कोण कुठे राहतं

एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा 1961 पासून माहीत आहे. त्याचं आवडतं ठिकाण नाकपुडीचा पुढचा भाग, त्याशिवाय घसा, काख, जांघ आणि उघड्या जखमा. व्हीआरई, म्हणजे व्हँकोमायसिनला दाद न देणारा एंटेरोकॉकस, आतड्यात राहतो. कार्बापेनेमला न जुमानणारे क्लेबसिएला, ई. कोलाय आणि त्यांचे भाऊबंद म्हणजे सीआरई, तेही आतड्यात. यांच्याकडे केपीसी, एनडीएम, ओएक्सए-48, व्हीआयएम, आयएमपी अशी औषध तोडणारी एन्झाइम असतात. या एन्झाइमचं जनुक बहुधा प्लाझमिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर असतं आणि प्लाझमिड एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातं. म्हणून एका वॉर्डात सोमवारी क्लेबसिएलात एनडीएम आणि गुरुवारी एंटेरोबॅक्टरमध्ये एनडीएम सापडला, तर जंतू वेगळे म्हणून सोडून देऊ नका. पसरतंय ते जनुक असू शकतं.

असिनेटोबॅक्टरचं प्रकरण अवघड आहे. त्वचा, श्वासनलिका, जखम असं कुठेही तो राहतो आणि भरवशाची एकच जागा सांगता येत नाही. नवीन कार्यक्रमात त्याच्यापासून सुरुवात करू नका. तुमच्या हॉस्पिटलच्या मागच्या वर्षभराच्या कल्चर रिपोर्टमध्ये काय सापडलंय ते लॅबकडून काढून घ्या आणि त्यातला एक, फार तर दोन जंतू निवडा.

कुणाचा स्वॅब घ्यायचा

सरसकट सगळ्यांचा घ्यायचा झाला तर लॅब बुडते आणि पॉझिटिव्ह रिपोर्टांचा अर्थही पातळ होतो (त्याचं गणित पुढे येईल). धोका जास्त असलेले पेशंट निवडायचे: दुसऱ्या हॉस्पिटलमधून थेट आलेले, मागच्या वर्षभरात कुठेही ॲडमिट झालेले, परदेशात उपचार घेतलेले, दीर्घकाळ देखभाल केंद्रात राहणारे, डायलिसिसवरचे, आधी कधी पॉझिटिव्ह आलेले, आणि पॉझिटिव्ह पेशंटच्या खोलीत राहिलेले. यांच्याशिवाय जागेनुसार निवड असते. आयसीयूत येणारा प्रत्येकजण, बोन मॅरो आणि अवयव प्रत्यारोपणाचा वॉर्ड, हृदयाची किंवा कृत्रिम सांधा बसवायची ऑपरेशनं.

माहिती ॲडमिशनच्या टेबलावर मिळते आणि प्रश्न कसा विचारला यावर ती अवलंबून असते. "तुम्हाला कधी रेझिस्टंट इन्फेक्शन झालं होतं का?" या प्रश्नाला जवळजवळ सगळे "नाही" म्हणतात, कारण त्यांना कुणी तसं कधी सांगितलेलंच नसतं. त्याऐवजी असं विचारा: "गेल्या 12 महिन्यांत कुठल्याही हॉस्पिटलात एक रात्र तरी राहिलात का? कुठल्या? सलाइन, कॅथेटर, ऑपरेशन झालं होतं का? कधी तुम्हाला वेगळ्या खोलीत ठेवून सगळे ग्लोव्हज, गाऊन घालून येत होते का?" शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. जंतूचं नाव कुणाला आठवत नाही, पण गाऊन घातलेले लोक आठवतात. पेशंट बोलू शकत नसेल तर सोबतच्या नातेवाइकांना विचारा आणि जुन्या डिस्चार्ज कार्डवर नजर टाका.

स्वॅब घेताना

स्वॅब शक्यतो दाखल झाल्यापासून 24 तासांच्या आत घ्या. 48 तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यात सापडलेला जंतू साधारणपणे बाहेरून आलेला धरतात, त्यानंतरचा आपल्याकडे लागलेला. तिसऱ्या दिवशी पहिला स्वॅब घेतला तर हा फरक कायमचा हरवतो. दुसरी वेळेची अट म्हणजे क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या आंघोळीआधी आणि नाकात मुपिरोसिन मलम लावण्याआधी. आंघोळीनंतर लगेच घेतलेला त्वचेचा स्वॅब निगेटिव्ह आला तर त्यातून काहीच कळत नाही.

पेशंटला आधी सांगा, तेही सोप्या शब्दांत: औषधांना न जुमानणारे जंतू अंगावर आहेत का ते बघायचंय, ते असले म्हणजे तुम्ही आजारी आहात असं नाही, दोन मिनिटांचं काम आहे. गुदद्वाराच्या स्वॅबला लोक नकार देतात तो बहुतेक वेळा संकोचापोटी. पडदा ओढलेला असेल, खोलीत गर्दी नसेल आणि घाईत विचारलं नसेल तर नकार फार कमी येतो.

नाकाचा स्वॅब असा घ्या. हात स्वच्छ करून ग्लोव्हज घाला. स्वॅबचं टोक स्टराइल सलाइनच्या एक-दोन थेंबांनी ओलं करा, कोरड्या नाकात कोरडा स्वॅब टोचतो आणि काही उचलतही नाही. टोक 1 ते 2 सेंटिमीटर आत, जिथे केस असतात त्या पुढच्या भागात, आतल्या भिंतीला टेकवून पाच वेळा गोल फिरवा. तोच स्वॅब दुसऱ्या नाकपुडीत तसाच. कोविडच्या काळात खोल स्वॅब घ्यायची सवय लागलेले हात इथे चुकतात. घशाच्या मागपर्यंत जाऊ नका, एमआरएसए पुढेच असतो. नाकाबरोबर घसा किंवा जांघेचा स्वॅब घेतला तर नुसत्या नाकात न सापडणारे काही वाहक सापडतात. जखम असेल तर ती सलाइनने धुऊन तळाचा आणि कडेचा स्वॅब घ्या, खपलीवरचा किंवा ड्रेसिंगला लागलेल्या पुवाचा नको. कॅथेटर असेल तर लघवी सॅम्पल पोर्टमधून घ्या. बॅगेत साठलेली लघवी चालत नाही.

गुदद्वाराचा स्वॅब हा सीआरई आणि व्हीआरईचा मुख्य नमुना, आणि सर्वात जास्त वाया जाणाराही हाच. पेशंटला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवा. आधी बघा: भेग, रक्तस्राव, सुजलेला मूळव्याध दिसतोय का. टोक सलाइनने ओलं करा. जेली लावू नका, तिच्यातले घटक जंतूंची वाढ किंवा पीसीआर (जंतूचं जनुक शोधणारी चाचणी) बिघडवू शकतात. गुदद्वाराच्या स्नायूच्या पलीकडे 1 ते 2 सेंटिमीटर हळूच आत न्या, गोल फिरवा, बाहेर काढा. आणि आता थांबून टोकाकडे उजेडात बघा. त्यावर पिवळट-तपकिरी डाग दिसायला हवा. पांढराशुभ्र स्वॅब म्हणजे रिकामा लिफाफा. तो लॅबला गेला तर निगेटिव्ह म्हणून परत येईल, फाइलला लागेल आणि सगळे निर्धास्त होतील. डाग नसेल तर नवीन स्वॅबने पुन्हा घ्या किंवा शौचाचा नमुना मागवा.

काही पेशंटना गुदद्वाराचा स्वॅब घ्यायचा नसतो: पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार कमी असलेले, नुकतंच त्या भागाचं ऑपरेशन झालेले. तिथे शौचाचा नमुना घ्या, किंवा डॉक्टरांना विचारून गुदद्वाराच्या बाहेरच्या त्वचेचा स्वॅब. स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेलं तोंड) असेल तर स्टोमातून.

ट्यूबवर लेबल पेशंटच्या खाटेशीच लावा, नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन खुणांसह. नर्सिंग स्टेशनवर पाच ट्यूब एका ट्रेमध्ये आणून मग लेबलं चिकटवणं म्हणजे अदलाबदलीला आमंत्रण. फॉर्मवर जागा लिहा आणि "स्क्रीनिंग" हा शब्द ठळक लिहा. तो राहिला तर लॅब नमुना इन्फेक्शनचा समजते, रिपोर्टवर औषधांची लांबलचक यादी छापून येते आणि रात्रपाळीचा डॉक्टर धडधाकट वाहकाला कोलिस्टिन सुरू करतो. एका शब्दाच्या चुकीने मूत्रपिंडाला धोका.

ट्यूब एमीज किंवा स्टुअर्ट माध्यमाची (जंतू वाटेत जिवंत ठेवणारी) असावी आणि लॅबला 24 तासांच्या आत पोचावी. उशीर होणार असेल तर 4 ते 8 अंशांवर ठेवा, 48 तासांपुढे नको, आणि फ्रीझरमध्ये तर कधीच नको. पीसीआर करायचं असेल तर मशीनच्या कंपनीने सांगितलेलाच स्वॅब लागतो, म्हणून पाठवण्याआधी लॅबला विचारा.

लॅबमध्ये काय होतं

वॉर्डातल्यांनीही एवढं समजून घ्यावं, म्हणजे "रिपोर्टला तीन दिवस का?" हा वाद मिटतो.

सर्वात सोयीचा मार्ग क्रोमोजेनिक प्लेट: हवा तो जंतू ठरावीक रंगात उगवतो. 18 ते 24 तासांनी पहिलं वाचन, गरज पडली तर 48 तासांनी दुसरं. रंग दिसला म्हणजे संशय, खात्री नव्हे. ओळख आणि प्रतिकाराची चाचणी वेगळी करावी लागते. एमआरएसएसाठी सीफॉक्सिटिनची 30 मायक्रोग्रॅमची चकती ठेवतात, भोवतीचं वर्तुळ 21 मिलिमीटर किंवा कमी असेल तर एमआरएसए.

क्रोमोजेनिक प्लेट परवडत नसेल तर सीआरईसाठी एक जुना, भरवशाचा मार्ग आहे. ट्रिप्टिक सॉय ब्रॉथच्या 5 मिलिलिटर ट्यूबमध्ये अर्टापेनेम किंवा मेरोपेनेमची 10 मायक्रोग्रॅमची चकती टाका, त्यात स्वॅब बुडवा, रात्रभर 35 अंशांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी ट्यूब ढवळून 100 मायक्रोलिटर मॅककाँकी प्लेटवर पसरा. औषध असतानाही वाढलेले जंतू तिसऱ्या दिवशी प्लेटवर दिसतात. ते औषध तोडतात की नाही, हे सुधारित कार्बापेनेम इनॅक्टिव्हेशन चाचणीने, म्हणजे एमसीआयएमने ठरतं. जंतूंच्या द्रावणात मेरोपेनेमची चकती चार तास बुडवून ठेवायची आणि मग ई. कोलायच्या संवेदनशील प्रमाणित जातीच्या प्लेटवर ठेवायची. वर्तुळ 6 ते 15 मिलिमीटर आलं तर एन्झाइम आहे, कारण चकतीतलं औषध खाल्लं गेलंय. 19 किंवा जास्त असेल तर नाही. मधलं आलं तर चाचणी पुन्हा करायची.

फसवणाऱ्या जागाही माहीत हव्यात. ओएक्सए-48 असलेल्या जंतूंचा कार्बापेनेमला प्रतिकार पुष्कळदा सौम्य असतो, त्यामुळे काही प्लेटवर ते उगवतच नाहीत. तुमच्या भागात तो एन्झाइम असेल तर त्यासाठी बनवलेली प्लेट घ्या. व्हीआरईच्या पीसीआरमध्ये व्हॅनबी हे व्हँकोमायसिनच्या प्रतिकाराचं जनुक पॉझिटिव्ह आलं तर कल्चरने खात्री करा, कारण आतड्यातल्या दुसऱ्या निरुपद्रवी जंतूंमध्येही ते जनुक असतं. एंटेरोकॉकस गॅलिनारम आणि कॅसेलिफ्लेव्हस यांना व्हँकोमायसिनचा सौम्य प्रतिकार जन्मजातच असतो, त्यांच्यासाठी खोली अडवायची गरज नसते. एमआरएसएच्या काही पीसीआर चाचण्या जनुक ज्या पेटीत बसतं ती पेटी शोधतात, आणि पेटी असून आत जनुक नसलेला साधा स्टॅफिलोकॉकस पॉझिटिव्ह दाखवतात. पीसीआरचं मोल त्याच्या वेळेत आहे. नमुना मशीनवर चढल्यापासून साधारण एक-दोन तास. पण नमुने दिवसातून एकदाच मशीनवर चढत असतील तर ते मोल हातचं जातं.

रिपोर्टचं गणित

समजा 1000 पेशंटची तपासणी केली आणि त्यात खरे वाहक 20 आहेत. चाचणी 90 टक्के वाहक पकडते आणि वाहक नसलेल्याला 98 टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते. म्हणजे 18 वाहक सापडले, 2 सुटले. उरलेल्या 980 जणांपैकी सुमारे 20 जण चुकून पॉझिटिव्ह आले. एकूण 38 पॉझिटिव्ह, त्यातले निम्म्याहून जास्त खोटे. चाचणी चांगली असूनही असं होतं, कारण वाहकच कमी होते. तीच चाचणी जास्त धोक्याच्या पेशंटवर, जिथे 1000 मध्ये 200 वाहक आहेत, वापरली तर 180 खरे आणि फक्त 16 खोटे. निवडून तपासा असं वर म्हटलं, त्याचं कारण हे.

सुटलेले दोन जणही विसरू नका. जंतू संख्येने कमी असले तर पहिल्या दिवशीचा स्वॅब निगेटिव्ह येतो. मग चार दिवस जोरदार अँटिबायोटिक दिलं जातं, आतड्यातले चांगले जंतू मरतात, रेझिस्टंट जंतूला मोकळं रान मिळतं आणि तो फोफावतो. म्हणून आयसीयूसारख्या ठिकाणी ॲडमिशनचा स्वॅब एक आणि त्यानंतर आठवड्याला एक असा क्रम ठेवतात.

रिपोर्ट येईपर्यंत आणि आल्यावर

कल्चरच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्या वेळात एक वाहक अर्ध्या वॉर्डच्या वस्तूंना हात लावून होतो. ज्यांचा धोका जास्त, उदाहरणार्थ आधी पॉझिटिव्ह आलेला किंवा साथ चालू असलेल्या हॉस्पिटलमधून आलेला, त्यांना रिपोर्टची वाट न बघता वेगळ्या खोलीत ठेवा. खोल्या कमी असतील तर आधी ती जुलाब होणाऱ्या, शौचावर ताबा नसलेल्या किंवा स्राव सांडणाऱ्या पेशंटला द्या. तोच जास्त जंतू पसरवतो.

पॉझिटिव्ह रिपोर्ट लॅबने फोनवर सांगायचा, ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर वॉर्डात:

- वेगळी खोली आणि शक्यतो वेगळं संडास-बाथरूम. खोल्या नसतील तर एकाच जंतूचे, एकाच एन्झाइमचे पेशंट एकत्र ठेवा. एनडीएम आणि केपीसी एकत्र करू नका.
- दारावर सूचना, आत जाताना ग्लोव्हज आणि गाऊन, बाहेर येण्याआधी दोन्ही काढून हात स्वच्छ. अल्कोहोल रबने 20 ते 30 सेकंद, हात मळले असतील तर साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद.
- स्टेथोस्कोप, बीपीचा कफ, थर्मामीटर त्या खोलीतच राहतील.
- फाइलवर आणि कॉम्प्युटरवर खूण, म्हणजे पुढच्या ॲडमिशनला ती आपोआप दिसेल.

ग्लोव्हज घातले की हात धुवायची गरज नाही, असं समजून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तेच ग्लोव्हज घालून जाणारे लोक तुम्हाला दिसतील. तिथल्या तिथे थांबवा, आदराने पण लगेच. आणि वेगळ्या खोलीतल्या पेशंटकडे डॉक्टर-सिस्टर कमी वेळा जातात, हेही खरं आहे. गाऊन घालायचा कंटाळा पेशंटच्या जिवावर बेतू शकतो. त्याच्या फेऱ्या, त्याची कूस बदलणं, त्याच्याशी बोलणं इतरांइतकंच व्हायला हवं.

एमआरएसए वाहकाचे जंतू कमी करता येतात. नाकाच्या दोन्ही पुड्यांत 2 टक्के मुपिरोसिन मलम, काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं, दिवसातून दोन किंवा तीन वेळा. 4 टक्के क्लोरहेक्सिडीनने रोज आंघोळ. दोन्ही पाच दिवस. क्लोरहेक्सिडीन ओल्या त्वचेवर लावून निदान मिनिटभर राहू द्या, मग धुवा. डोळे आणि कान वाचवा, ते आत गेलं तर इजा होते. साधा साबण किंवा लोशन सोबत वापरलं तर त्याचा असर कमी होतो. चादर, कपडे, टॉवेल रोज बदला. पुन्हा स्वॅब घ्यायचा तो कोर्स संपल्यावर निदान 48 तासांनी. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या 43 हॉस्पिटलांच्या मोठ्या चाचणीत आयसीयूतल्या सगळ्याच पेशंटना अशी आंघोळ आणि मलम दिल्यावर कुठल्याही जंतूमुळे होणारे रक्तातले इन्फेक्शन 44 टक्क्यांनी घटले. कृत्रिम सांध्याच्या ऑपरेशनआधी एमआरएसए सापडला तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही कळवा, कारण ऑपरेशनआधीच्या औषधात व्हँकोमायसिन जोडायचं असेल तर ते तासभर सावकाश द्यावं लागतं आणि चीर देण्याआधी 60 ते 120 मिनिटांत सुरू करावं लागतं.

आतड्यातल्या सीआरई किंवा व्हीआरईसाठी असा कोर्स नाही. तोंडाने अँटिबायोटिक देऊन आतडं साफ करायचा मोह टाळा, त्याने प्रतिकार वाढतो. हे जंतू महिनोन्‌महिने राहतात आणि एक स्वॅब निगेटिव्ह येऊन पुढचा पॉझिटिव्ह येतो. म्हणून सीआरईचा पेशंट त्या ॲडमिशनभर पॉझिटिव्हच धरा.

संपर्कातले पेशंट, खाट आणि बेसिन

वेगळं न ठेवलेल्या पेशंटचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की त्याच खोलीत, त्याच बाथरूमवर असलेल्यांची यादी काढा, आधीच दुसऱ्या वॉर्डात हलवलेल्यांसकट. त्यांचा स्वॅब आज, आणि मग आठवड्याला एक असे साधारण चार आठवडे. त्यात आणखी एक जरी सापडला तरी सगळ्या वॉर्डचा एकाच दिवशी स्वॅब घ्या. इस्रायलमध्ये केपीसीची साथ देशभर पसरली तेव्हा मार्च 2007 मध्ये सगळ्या हॉस्पिटलांना वाहक वेगळे ठेवणं आणि त्यांच्यासाठी वेगळे कर्मचारी नेमणं बंधनकारक केलं. दर एक लाख रुग्णदिवसांमागे 55.5 असलेलं नवीन पेशंटचं मासिक प्रमाण मे 2008 पर्यंत 11.7 वर आलं.

खाटेची सफाई दोन टप्प्यांत होते. आधी साबणाने मळ काढायचा, मग क्लोरीन, कारण मळ क्लोरीन खाऊन टाकतो. 5 टक्क्यांच्या हायपोक्लोराइटपासून 1000 पीपीएम करायला 20 मिलिलिटर घेऊन पाण्याने एक लिटर करा. रोज ताजं बनवा. जुन्या, उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये 5 टक्के उरलेले नसतात, म्हणून तारीख बघा. कॉल बेल, खाटेचे कठडे, मॉनिटरची बटणं, सलाइनचा पंप, दाराची कडी या जागा सुटतात. स्टॅफिलोकॉकस कोरड्या पृष्ठभागावर सात महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे "आता वाळलंय" याला अर्थ नाही.

सीआरई वारंवार परत येत असेल आणि पेशंटांचा एकमेकांशी संबंध लागत नसेल तर बेसिनकडे बघा. नळाखालच्या पाइपात जंतूंचा चिकट थर बसतो, वर उरलेलं सलाइन, दूध, चहा ओतला की त्यांना खाद्य मिळतं, आणि पाणी थेट जाळीवर पडलं की शिंतोडे मीटरभर उडतात. हात धुवायचं बेसिन फक्त हात धुवायला. पेशंटच्या आंघोळीचं पाणी संडासाच्या बाजूला टाका. बेसिनच्या काठावर इंजेक्शनचा ट्रे ठेवलेला दिसला तर तो आजच हलवा.

वहीत काय लिहायचं

दर महिन्याला चार आकडे पुरतात: पात्र पेशंटपैकी किती जणांचा स्वॅब 24 तासांत झाला, किती नमुने लॅबने रिकामे किंवा चुकीचे म्हणून परत केले, पॉझिटिव्ह फोनपासून पेशंट वेगळा होईपर्यंत किती तास गेले, आणि 48 तासांनंतर लागलेले नवीन किती. पहिला आकडा चांगला आणि तिसरा वाईट असेल तर स्वॅब वाढवू नका, खोल्यांचा आणि फोनचा प्रश्न सोडवा.

पेशंट दुसरीकडे जाणार असेल तर जंतूचं नाव, एन्झाइम, नमुन्याची जागा आणि तारीख ट्रान्सफर कार्डाच्या पहिल्या ओळीत लिहा, पान उलटल्यावर नव्हे. गाडी निघण्याआधी तिकडच्या वॉर्डला फोनही करा, म्हणजे तो पोचेल तेव्हा खोली तयार असेल. एक प्रत पेशंटच्या हातात द्या आणि पुढच्या वेळी ॲडमिशनच्या टेबलावर ती आधी दाखवायला सांगा.